नकाशा पेरणीआधी पोचला पाहिजे

शेतीच्या नकाशांच्या बाबतीत नागपूरइतके श्रीमंत शहर देशात क्वचितच दुसरे असेल. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय इथे आहे. राज्य सरकारचे महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटर, म्हणजे एमआरसॅक, इथेच. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राची मध्य विभागीय शाखाही इथेच. केंद्रीय कापूस संशोधन संस्था वर्धा रस्त्याला, तर संत्रा-मोसंबीवर काम करणारी केंद्रीय संस्था अमरावती रस्त्याला. माती, पीक आणि उपग्रहाची चित्रे, सगळ्यांची बिऱ्हाडे एका गावात. आणि इथून शे-सव्वाशे किलोमीटरवर, कळंब-राळेगावकडचा शेतकरी वावरात यंदा काय पेरायचे ते ठरवतो कृषी केंद्राच्या काउंटरवर, दुकानदाराकडे कोणत्या वाणाची थैली आली आहे ते बघून.

नकाशा गावात येतच नाही असे नाही. येतो, पण पीक हातचे गेल्यावर येतो. दुष्काळ जाहीर करायचा की नाही हे ठरवताना पूर्वी पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या मानाने पीक किती आले याचा गावनिहाय अंदाज, बघत. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर पावसाच्या तुटीबरोबर उपग्रहावरून मोजलेला पिकांच्या हिरवेपणाचा निर्देशांक, मातीतला ओलावा असे निकष आले. २०१८ च्या दुष्काळात पडताळणीसाठी एमआरसॅकने बनवलेले 'महामदत' ॲप वापरले गेले. २०२३ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत 'येस-टेक' नावाची पद्धत आली, तिच्यात उपग्रहाच्या चित्रांवरून उत्पादनाचा अंदाज काढतात. अतिवृष्टीची भरपाई महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला का, यावर अडून असते. थोडक्यात, विदर्भात नकाशा येतो तो पंच होऊन, शिट्टी घेऊन. खेळ सुरू होण्याआधी मैदान कसे आहे हे सांगायला तो कधी येत नाही. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा केल्याशिवाय टिकाऊ शेती वगैरे शब्द फ्लेक्सवरच राहतील.

मातीपासून सुरुवात करू, कारण खरा घोळ तिथे आहे. विदर्भाचा पश्चिम आणि मधला भाग बेसाल्टचा. एकाच गावच्या शिवारात टेकाडावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, उतारावर हात-दीड हात माती असते आणि नाल्याकाठी पुरुषभर खोल काळी. पूर्वेकडे भंडारा-चंद्रपूरच्या शेतकऱ्यांनी कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार, बर्डी अशी मातीची नावेच पाडून ठेवली आहेत, आणि कुठे धान लावायचे हे त्या नावांवरून ठरते. काळ्या चिकण मातीचा एक मीटर थर पिकाच्या उपयोगी पडेल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरतो. तीस सेंटिमीटर माती असेल तर हा साठा ५०-६० मिलिमीटरवर येतो. बोंडे भरायच्या दिवसांत कपाशी रोज ४-५ मिलिमीटर पाणी ओढते. पाऊस गेल्यावर हलक्या वावरातली पऱ्हाटी दहा-बारा दिवस तग धरणार आणि भारी वावरातली महिनाभर, हा हिशेब शाळकरी पोरही करील. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाय काढतो. लांब मुदतीच्या संकरित वाणांची बोंडे नेमकी त्यानंतर भरू लागतात. केंद्रीय कापूस संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की कोरडवाहू विदर्भात या लांब मुदतीच्या संकरित वाणांनी शेतकऱ्याला अडचणीत टाकले.

आता यात नकाशा काय करणार? शेतकऱ्याला आपली जमीन हलकी की भारी हे कळत नाही का? कळते, आणि उपग्रहापेक्षा चांगले कळते. इथेच बरेचसे तज्ज्ञ घसरतात. शेतकऱ्याला त्याच्याच वावराची ओळख करून द्यायला कुणी नकाशा काढायला नको. नकाशा हवा आहे तो कचेऱ्यांना, कारण त्यांना जमीन दिसत नाही. पीक कर्जाचे दर, म्हणजे व्याज नव्हे तर किती क्षेत्राला किती रक्कम द्यायची ते, जिल्हास्तरीय तांत्रिक समिती पिकानुसार ठरवते. त्यात बागायती आणि जिरायती असा फरक असतो, पण माती किती खोल आहे याचा फरक नसतो. टेकाडावरच्या मुरमाड चार एकरांना आणि नाल्याकाठच्या कसदार चार एकरांना कपाशीसाठी एकाच दराने कर्ज. साहजिकच मुरमाडवालाही कपाशीच लावतो, कारण मूग-उडीद-ज्वारीला बँक हात आखडता घेते. मग नापिकी झाली की त्याला 'अशास्त्रीय शेती करतो' म्हणायला आपण मोकळे! बँकेच्या टेबलावर गटनिहाय मातीच्या खोलीचा नकाशा असता आणि हलक्या जमिनीवर कमी मुदतीच्या पिकाला किंवा दाट लागवडीच्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाला कर्जाचा दर चढा मिळत असता, तर पीकपद्धत दोन-तीन हंगामांत बदलली असती. भाषणांची गरज पडली नसती.

मृदा आरोग्य पत्रिकेकडे बोट दाखवले जाईल. २०१५ पासून ती घरोघर गेली. पण तिच्यातले बारा रकाने नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब यांचे आहेत. खोलीचा रकानाच नाही. शिवाय बागायती भागात अडीच हेक्टरांना एक नमुना आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरांना एक नमुना, असा तिचा नियम. राज्यात सरासरी खातेदाराकडे २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे १.३४ हेक्टर जमीन. म्हणजे सात-आठ शेतकऱ्यांमागे एक नमुना, आणि तो कुणाच्या वावरातून उचलला ते नशिबावर. ज्या प्रदेशात पन्नास पावलांवर माती बदलते तिथे ही जाळी भलतीच विरळ आहे. गंमत अशी की ज्या संस्थांनी १:१०,००० प्रमाणाचे, म्हणजे गावपातळीवर वाचता येतील असे मातीचे नकाशे करण्याची पद्धत बसवली, त्यांचे मुख्यालय नागपुरातच. काम होते, अहवालही निघतात. गावात पोचत नाहीत, कारण ते पोचवणे हे कुणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेले नाही.

दुसरी गोष्ट आकाशातल्या डोळ्याची. त्याच्याबद्दल कचेऱ्यांत सध्या जो विश्वास दिसतो तो त्या डोळ्याची कुवत न तपासता ठेवलेला आहे. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह फुकट चित्रे देतात, दर पाच दिवसांनी, आणि त्यांचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा. आपल्या मापात जवळजवळ एक गुंठा. ऐकायला हे फार बारीक वाटते. पण चौकोनी एक हेक्टर वावरात असे १०० ठिपके बसतात आणि त्यांतले ३६ धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असतात, तिथे शेजाऱ्याचे पीक, बाभळी, पांदण सगळे मिसळते. पऱ्हाटीत तुरीची तासे असतील तर त्या गुंठ्याला कपाशी म्हणायचे की तूर? त्यात खरीप म्हणजे ढग. जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भाचे स्वच्छ चित्र मिळणे हा योगायोग असतो. रडारचे उपग्रह ढगांतून बघतात हे खरे, पण त्यांना रोपाची उंची-ठेवण आणि ओल कळते, पानांचा रंग कळत नाही.

आणि सगळ्यात मोठी अडचण ही की हिरवेपणा म्हणजे उत्पादन नव्हे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली तेव्हा शिवारे वरून हिरवीगार होती. अळी बोंडाच्या आत होती. सततच्या पावसात पऱ्हाटी डोक्याएवढी वाढते आणि पात्या-फुले गळून बोंडे मोजकीच राहतात. उपग्रहाच्या लेखी तो सुकाळ. काढणीला आलेल्या सोयाबीनवर चार दिवस पाऊस बसला की शेंगांतच दाण्याला कोंब फुटतात, आणि वरून बघणाऱ्याला आधीही पिवळे-तपकिरी दिसत होते, नंतरही तसेच दिसते. पिवळा मोझॅक रोग पडलेले आणि पक्व होऊ लागलेले सोयाबीन यांत फरक करायला ज्याला शेतात उतरावे लागते, त्याचे काम आकाशातून कसे भागेल? गणिती प्रारूपे सुधारत आहेत, सुधारावीतच. पण २०२५ च्या खरिपात राज्यात एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाईचा सगळा भार मंडळाच्या उत्पादनाच्या आकड्यावर आला, तेव्हापासून तो आकडा कसा निघतो हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त टोकदार झाला आहे. उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे ज्याखाली गेल्यावरच भरपाई मिळते त्या आकड्याच्या, वर दोन किलो निघाले तर मंडळातल्या एकालाही काही मिळत नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. जुनी पद्धत काही सोवळी नव्हती. पीक कापणी प्रयोग मंडळात मोजकेच होतात, त्यासाठीचे प्लॉट यादृच्छिक निवडीने ठरतात असे कागदावर असते, आणि प्रयोगाच्या दिवशी कोण कोण हजर होते यावर वजन काट्याचा कल बदलतो असा संशय विमा कंपन्यांनाही असतो आणि शेतकऱ्यांनाही. सरकारी आणि देवस्थानांच्या जमिनींवर परस्पर विमा उतरवल्याची प्रकरणेही राज्यात उघड झाली. पैसेवारीत पुढाऱ्याचा शब्द चालायचा. उपग्रहाला कुठल्या पुढाऱ्याचा फोन जात नाही. म्हणून तंत्र नको म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. माझी हरकत एवढीच की पंचाच्या निर्णयावर दाद मागायची सोय नाही. आपल्या गटावर कोणते चित्र, कोणत्या तारखेचे, काय आकडा दाखवत होते हे शेतकऱ्याला कुठेही बघता येत नाही.

याबाबतीत शेतीखात्याने गडचिरोलीकडून शिकावे. तिथल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे २०१२ मध्ये वनहक्क कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली तेव्हा त्यात स्पष्ट लिहिले गेले की उपग्रहाची चित्रे व इतर तंत्रज्ञान हे बाकीच्या पुराव्यांना जोड म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. गावच्या म्हाताऱ्याने दाखवलेला चराईचा रस्ता, जुना बांध, थडगे यांना चित्राने बाद करता येत नाही. जंगलाच्या बाबतीत हे तत्त्व कायद्यात आले. वावराच्या बाबतीत, जिथे दरवर्षी लाखो लोकांची भरपाई पणाला लागते, तिथे ते अजून कुणी मागितलेलेही नाही.

नकाशावर कोण नाही, हेही एकदा बघायला हवे. ॲग्रिस्टॅक या सरकारच्या शेतीविषयक डिजिटल नोंदव्यवस्थेत शेतकऱ्यांची नोंद, पेरलेल्या पिकांची नोंद आणि भूसंदर्भित गावनकाशे अशा तीन नोंदी एकमेकींत गुंफल्या जात आहेत. शेतकरी ओळख क्रमांक आता कृषी योजनांसाठी लागतोच. हे सगळे सातबाऱ्यावरच्या नावाला बांधलेले आहे. आमच्याकडे मक्त्याने, ठोक्याने, बटईने वावर करणारे गावागणिक आहेत. करार तोंडी, पैसा रोख, धोका सगळा कसणाऱ्याचा. सातबारा नागपूर-पुण्यात नोकरीला असलेल्या मालकाचा. नवऱ्याने जीव दिल्यावर सासऱ्याच्या नावची जमीन कसणाऱ्या बायका यवतमाळ-वर्ध्यात थोड्या नाहीत. उपग्रह त्यांचे पीक बघतो, त्यांना बघत नाही. पाहणी जितकी अचूक होत जाईल तितकी मदत बरोबर चुकीच्या खात्यात जाईल, हा धोका तंत्रज्ञांच्या ध्यानात येत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने गट क्रमांक जुळला की काम झाले.

ई-पीक पाहणीचेही असेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवर पीक नोंदवायचे, वावरात उभे राहून फोटो काढायचा. कल्पना चांगली, कारण पहिल्यांदाच नोंद करायचा अधिकार तलाठ्याच्या हातून शेतकऱ्याकडे आला. पण रेंज नसलेल्या शिवारात सर्व्हरची वाट बघत उभे राहणाऱ्याला त्या अधिकाराचे कौतुक किती वाटणार! नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि मग हमीभावाच्या खरेदीपासून विम्यापर्यंत सगळे अडते. इथे उपग्रह खरोखर कामी येऊ शकतो. त्याने आधी अंदाज भरून ठेवावा, 'या गटात सोयाबीन दिसते', आणि शेतकऱ्याने चूक असेल तिथेच दुरुस्त करावे. हमाली यंत्राने करावी आणि शेवटचा शब्द माणसाचा असावा. आज नेमके उलटे चालले आहे.

पाण्याच्या बाबतीत तर नुकसानीआधी नकाशा काय करू शकतो हे दाखवायला विदर्भात दाखले पडलेले आहेत. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे पोकरात, पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी आयआयटी मुंबईने साधन तयार केले: गावात पडलेला पाऊस किती मुरतो, किती वाहून जातो, पिकांना किती लागतो, हे मातीच्या आणि उताराच्या नकाशावरून काढायचे. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. तिथे विहीर खोदणे म्हणजे पैसे घालून खारे पाणी विकत घेणे. ते पाणी दिले की जमीन चोपण होते, म्हणजे क्षारांनी बिघडते. तिथे शेततळे कुठे, किती खोल आणि कोणत्या उतारावर हे नकाशा सांगू शकतो, आणि पोकराने ती वाट निवडली. पूर्व विदर्भातले मालगुजारांच्या काळातले हजारो माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा', तलाव गाळाने आणि अतिक्रमणाने आटत आले आहेत. उपग्रहाला सगळ्यात स्वच्छ दिसते ते पाणी. दरवर्षी ऑक्टोबरात प्रत्येक मामा तलावाचा पाणपसारा किती, हे लँडसॅट उपग्रहांच्या जुन्या चित्रांवरून कित्येक वर्षे मागे जाऊन काढता येते आणि कुठला तलाव कधीपासून आक्रसू लागला हे गावासमोर ठेवता येते. त्याला नवे यंत्र लागत नाही. बसून काम करणारी दोन पोरे लागतात.

पण जिथे नकाशाने कुणाच्या तरी हितसंबंधाला हात लागतो तिथे तो हळूच कपाटात जातो. वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा घ्या. भूजलाचा अतिउपसा झालेले तालुके म्हणून त्यांची नोंद आहे, बोअर शेकडो फूट खाली गेले आहेत, आणि २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर अधिसूचित क्षेत्रात बंधनाची तरतूद आहे. बाग ही उपग्रहाला ओळखायला कपाशीपेक्षा कितीतरी सोपी, कारण ती वर्षभर एका जागी हिरवी असते. प्रत्येक पाणलोटात बागा किती आणि पुनर्भरण किती, याचा नकाशा आठ-पंधरा दिवसांत निघेल. नवी बाग लावू इच्छिणाऱ्याला 'या पाणलोटात पाणी उरलेले नाही' असे कलम बांधण्याआधी सांगता येईल. कुणी सांगत नाही, कारण ते सांगणाऱ्याला निवडून यायचे असते. उन्हाळ्यात झाडे वाळली की मग पंचनाम्याचा नकाशा मात्र ताबडतोब तयार होतो.

केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची परवान्यांची बंधने काढली, २०२२ मध्ये राष्ट्रीय धोरणही आणले. त्याचा फायदा कंपन्यांनी घेतला, घ्यावाच. बियाणे, खत, विमा, कर्ज यांत पैसा गुंतलेल्यांना आता कोणत्या गटात काय उभे आहे हे घरबसल्या कळते. ज्याचा गट त्याला मात्र तेवढे कळत नाही. ही विषमता मला ड्रोनच्या अनुदानापेक्षा महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर उपाय स्वस्त आहे. बोंडअळीचे चक्र मोडण्यासाठी कपाशीच्या बियाण्याची विक्री मे-जूनपर्यंत रोखून धरली जाते. म्हणजे दुकाने भरण्याआधी, एप्रिलअखेर, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्या गावचा नकाशा लागला पाहिजे: मराठीत, गट क्रमांकासह, मातीची खोली, उतार आणि पाण्याचा ताळेबंद दाखवणारा, मोबाइल नसलेल्यालाही वाचता येईल असा. हाच नकाशा बँकेच्या शाखेत आणि कृषी केंद्रात. आणि खरीप संपल्यावर विम्यासाठी वापरलेला उत्पादनाचा नकाशाही त्याच भिंतीवर, भरपाईचा निर्णय होण्याआधी.

त्यावर हरकत घ्यायची पद्धत नव्याने शोधायला नको. फेरफाराची नोंद प्रमाणित होण्याआधी तिची नोटीस चावडीवर लागते, हितसंबंधितांना हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, आणि हरकत आली तर अधिकाऱ्याला सुनावणी घ्यावी लागते. एका गटाच्या एका ओळीसाठी महसूल कायदा एवढे करायला लावतो. अख्ख्या मंडळाची भरपाई ज्याच्यावर ठरते त्या नकाशाला हीच नोटीस, हेच पंधरा दिवस आणि हीच सुनावणी लागू करायला कोणत्या कलमाची आडकाठी आहे, हे कृषी आणि महसूल या दोन्ही खात्यांनी येत्या हंगामाआधी लेखी सांगावे.